चांदण्यात तोडलेला बांबू

झरी जामणीला मी तहसील ऑफिसात कारकून होतो. खाली काळ्या मातीत कापूस, वर सागाचा डोंगर, आणि डोंगराच्या कडेला कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. पोडानं शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांना बांबूचे तट्टे विणून द्यायचे, शेतकऱ्यांनी दिवाळीला ज्वारी द्यायची. आज्या-पणज्यापासूनची रीत. कापसानं दगा दिला त्या वर्षांत बैल बाजारात गेले, बंड्या अंगणात सडल्या आणि पोडाचं विणकाम थांबलं.

आमच्या ऑफिसात मात्र शेतकऱ्यांचे हाल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली. असाच एक बडा पाहुणा येणार होता आणि त्याच्या हातून शेतकऱ्यांच्या बायांना बांबूच्या टोपल्या वाटायचं ठरलं. शंभर टोपल्या, पंधरा दिवसांत. मी उंटावरून शेळ्या हाकायला पोडावर गेलो.

तिथं एक म्हातारा होता. बांबू कोणत्या दिवशी तोडायचा हे तोच सांगायचा, आणि तो सांगेपर्यंत कोणी कुऱ्हाड उचलत नसे. जमीन नव्हती, बैल नव्हता, होता तो एवढाच मान.

"चांदनं हाय साहेब आता," तो म्हणाला. "चांदन्यात तोडला का बांबूत रस रायते, मंग घुन लागते, किडा पोखरते. आमोशा जवळ येऊ द्या."

"घुण काय पंचांग पाहून येते का?" मी म्हटलं. सगळे हसले, तोही हसला. माझ्याच विनोदाची मला चढली. "पुढच्या वर्षी बांबू तोडायचा जंगलाचा पास पाह्यजे का नाई?"

पास माझ्या हातात नव्हता. मला ते ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

तो उठला. मग पोडाकडे तोंड करून म्हणाला, "तोडा."

टोपल्या देखण्या झाल्या. फोटो निघाले. पावसाळा सरता सरता त्यांतून घुणाचं पिवळं पीठ गळायला लागलं, ज्वारीत मिसळलं, आणि बाया टोपल्या घेऊन ऑफिसात भांडायला आल्या. वरून खुलासा मागवला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: विणकरांनी निकृष्ट बांबू वापरला. चोराच्या उलट्या बोंबा, फक्त सरकारी भाषेत. लिहून झाल्यावर मी चहा मागवला.

हा कागद पोडावर वाचून दाखवायलाही मलाच धाडलं. वाचून झाल्यावर पोरं चिडली. "कोनं तोडाले सांगतलं होतं?" एकानं विचारलं. मी कागदाची घडी घालायला लागलो.

"म्या सांगतलं होतं," म्हातारा म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी मतदारयादीच्या कामाला वर पोडावर गेलो. पोरं कुऱ्हाडी घेऊन जंगलात निघाली होती. तोडायचा दिवस कोणी ठरवला विचारलं, तर एक चालता चालता म्हणाला, "आता त्याले कोन इचारते? कॅलेंडर हाय न."

म्हातारा दारात बसला होता. त्याला ते ऐकू गेलं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "साहेब, आज तोडू द्यावं का या पोरायले? तुमीच सांगा."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता, मी शिकलेला म्हणून.

"तोडू द्या," मी म्हटलं. त्या दिवशी तिथी कोणती होती, हे मला माहीतही नव्हतं.