पितळी सांध्यातलं ग्रीस

हिलालभाऊ मूळचा ट्रकचा मिस्त्री. धुळ्याला आग्रा रोडवर, माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर पितांबरशेठचं गॅरेज होतं, तिथला. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की गॅरेजातल्या एकूण एक गाडीला, दिसेल त्या निपलमधून, त्या बारीक तोटीतून, ग्रीस भरायचं, ही त्याची रीत. शेठच्या लाडक्या गाडीलाही तो दर दसऱ्याला भरायचा. ती लाल, दोन सीटांची, जुनी विलायती गाडी. तिच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा पितळी सांध्यात आट्यांवर फिरायचा, आणि त्या सांध्याला ग्रीस नव्हे, गियरचं तेल लागतं. आमच्याकडे हे कुणाच्या बापाला ठाऊक?

चौऱ्याऐंशी साली लळिंगच्या घाटात तो दांडा तुटला, चाक आडवं झालं, गाडी कठड्यावर आदळली. शेठचा पाय कायमचा अधू झाला. हिलालने सांधा उघडला तर आट्यांत ग्रीस वाळून दगड झालेलं, खाली नुसता गंज. काय समजायचं ते तो समजला आणि गप्प बसला.

मग त्याने गाडीला नवे सांधे बसवले. माझ्याकडून देशी गाडीचे बॉल जॉइंट नेले, लेथवर त्यांची बैठक कातून घेतली, आठ दिवस घरी जेवायला गेला नाही. या सांध्यांना ग्रीसच चालतं. गाडी पूर्वीपेक्षा हलकी वळू लागली. शेठ गावभर सांगत सुटले, की हिलालशिवाय माझ्या गाडीला कोणी हात लावायचा नाही.

इथे तो अडकला. साक्रीला त्याच्या मेहुण्याने, रुपचंदने, बसस्टँडजवळ जागा धरून ठेवली होती. स्वतःचं गॅरेज, एवढंच हिलालला हवं होतं. बायको वच्छलाबाई दर वर्षी भांडी पोत्यात बांधायची. हा शेठचा निरोप घ्यायला जायचा, ते काठी टेकत दारात यायचे आणि हा तसाच माघारी फिरायचा. कबूल करायला तोंड नाही, न सांगता जायला मन नाही. अशी बारा वर्षं गेली. गाडीपेक्षा तूच जॅकवर चढलायस, असं मी चिडवायचो. तो हसायचा नाही.

शहाण्णवला रुपचंदने ती जागा दुसऱ्याला दिली. त्याच दुपारी हिलाल मला घेऊन शेठकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून बसला.

शेठ शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या गाडीचं पुस्तक वाचलं मी. तेलच घालायचं, असं छापलंय त्यात."

"तवयच बोलतात ते मी साक्रीले निंघी जातू, शेठ," हिलाल म्हणाला. तेव्हाच सुटलो असतो, असं त्याचं म्हणणं.

"म्हणून तर बोललो नाही. तुझ्यासारखा मिस्त्री मला कुठे मिळाला असता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिलाल मान खाली घालून बाहेर आला. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस, जागा दुसरी बघू. त्याने लाल गाडीकडे बोट केलं.

"मी गऊ ते तिले ग्रीस कोन भरी?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तो ग्रीस गन घेऊन त्याच गाडीखाली शिरला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मला ते बघवेना.