शाळेच्या व्हॅनमधून ज्वालामुखी बघायला

माझी मैत्रीण रोह्यात शाळेची व्हॅन चालवायची. नवरा गल्फमध्ये, घरी सासू आणि लहान मुली. तेव्हा तिने लायसन्स काढलं, डोक्याला ओढणी घट्ट बांधली आणि स्टेअरिंग हातात घेतलं. मुलं तिला चाची म्हणायची, मग त्यांचे आईबापही म्हणायला लागले. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर मी मुलाकडे पेणला, रामवाडीत राहायला आले, पण आमचं फोनवर बोलणं काही थांबलं नाही.

पुढे शाळेने बस घेतल्या आणि तिची व्हॅन दारात उभी राहिली. नवरा तोवर कायमचा घरी आला होता. तो म्हणाला, विकून टाकू. तिने मात्र सुतार बोलावला. मागच्या सीट काढल्या, फळ्यांचा पलंग केला, त्याखाली भांड्यांना कप्पा, आणि जुन्या साडीचे पडदे. हे कशासाठी, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. मग परदेशातल्या लेकीने एक व्हिडिओ पाठवला. लेक-जावई घरासारखी मोठी गाडी घेऊन एका ज्वालामुखीभोवती फिरत होते. रात्री गाडीतच झोपायचं, सकाळी दार उघडलं की समोर डोंगर.

"आपल्या नशिबात कुठला गो ज्वालामुखी," ती फोनवर म्हणाली.

"तू आत्ता उभी आहेस कशावर?" मी विचारलं. "हा आपला सगळा डोंगर लाव्हाचाच आहे. थरावर थर साचून झालेला."

"मग शनिवारी निघू," म्हणाली.

शनिवारी सकाळी ती मला न्यायला पेणला आली. थंडीचे दिवस होते. मुलगा दारात येऊन म्हणाला, "आई, दोघीच?" मी म्हटलं, "व्हॅनमध्ये जागाच दोघींची आहे."

वाटेत गडब गावाशी रस्त्याकडेला वालाच्या शेंगा घेतल्या. पुढे डावीकडचे डोंगर उन्हात स्वच्छ दिसत होते. मी तिला त्यांच्या अंगावरच्या पायऱ्या दाखवल्या. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. वाकणहून पालीकडे वळल्यावर एका ठिकाणी रस्त्यासाठी डोंगर कापलेला होता. तिथे तिने गाडी बाजूला घेतली. काळ्या दगडात बुडबुड्यांची भोकं होती, काहींत पांढरी गारगोटी भरलेली.

"म्हणजे हे खरंच उकळत होतं?"

"खरंच."

पोराला ताप आहे का बघावं तसा तिने दगडाला हात लावला. "थंड झाला बिचारा," म्हणाली. इतकी वर्षं मी हा धडा शिकवला, पण त्या दगडाला हात लावायला मीही पहिल्यांदाच थांबले होते.

दुपारी उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. तिचे गुडघे दुखतात, त्यात अनोळखी बायकांसमोर उतरायचा संकोच. ती काठावरच बसून राहिली. शेवटी पाण्यातली एक बाई म्हणाली, "उतर गो, दे हात." ती सलवार-कमीजसकट उतरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून डोळे मिटले. मी सांगायला लागले की ही उष्णता लाव्हाची नाही, पाणी जमिनीच्या खोल भेगांतून येतं. डोळे न उघडताच ती म्हणाली, "बाई, शाळा सुटली. बस आता गप."

संध्याकाळी खांब गावाला पोचलो. रस्त्यापासून थोडं आत, एका घराशेजारी मोकळं शेत होतं. तिथे गाडी लावू का, म्हणून अंगणातल्या म्हातारीला विचारलं.

"घर नाय का तुमाला?" ती म्हणाली.

"हाय की," मैत्रीण म्हणाली.

"मग भांडून आलाव?"

मी समजवायला गेले की आम्ही ज्वालामुखी बघायला निघालोय. त्याने काम जास्तच बिघडलं. म्हातारीने आम्हा दोघींना खालून वर न्याहाळलं. "इथं नाय तसलं काय. इथं भात होतो."

आम्ही निघालो. मैत्रीण गाडी मागे घेऊ लागली, तर चाकाशी एक शेळी आली. तिला हाकलायला मैत्रिणीने हॉर्न दिला, दोन छोटे आणि एक लांब. मुलांच्या दारात ती रोज द्यायची तसा. त्यासरशी घरातून एक तरुण बाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

"चाची?"

मैत्रिणीने काचेतून तिच्याकडे निरखून बघितलं. "डब्यातली भाजी माझ्या खिडकीतून टाकणारी तू!"

"भाजी टाकायची?" म्हातारी सुनेकडे वळली. सून लाजून हसत होती, डोळ्यांत पाणीही होतं. तिने गाडीचं दार उघडून आत डोकावलं. तिची खिडकीकडची जागा आता राहिली नव्हती, तर ती तिथेच पलंगाच्या कडेला बसली. "वास तोच हाय," म्हणाली.

मग आम्हाला कोण जाऊ देतंय. आमच्या शेंगा आणि घरची अंडी-बटाटे घालून पोपटी लावायचं ठरलं. म्हातारीने स्वतः बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणला. मडक्यात तळाशी पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. मडकं उघडलं तेव्हा वाफेचा लोट आला आणि आम्ही चौघी बोटं भाजत खात बसलो. मैत्रीण सुनेला एकेका मुलाबद्दल विचारत होती, कोण कुठे आहे, कुणाचं लग्न झालं. मी तिला शिकवायचे हे कळल्यावर म्हातारी मध्येच मला म्हणाली, "ही शाळेत हुशार होती का?" मी भूगोलाचे मार्क आठवून पाहिले आणि म्हटलं, "स्वभावाने फार चांगली होती."

व्हॅनमध्ये झोप छान लागली. सकाळी पडदा सारला तर शेतावर धुकं होतं आणि म्हातारी चहाची किटली घेऊन उभी होती. अंगावर इस्त्रीची साडी, काखेत पिशवी.

"तुमी रोह्यालाच ना? मला बाजारात सोडा."

तिने चप्पल काढून हातात घेतली, मागच्या पलंगावर हात फिरवून पाहिला आणि सरळ आडवी झाली. कोलाड यायच्या आतच तिला गाढ झोप लागली होती. मैत्रीण खड्डे चुकवत गाडी हळू चालवत राहिली.