साडूंची उपाशी टाकी

जगात कोठेही धूर निघाला, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागणार आहे, अशा समजुतीने वावरणारे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत. आणि ते नेमके माझे साडू निघाले. ते विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत, मी शाळेत भूगोल. आमच्या पत्नी सख्ख्या बहिणी असल्याने दिवाळीचा फराळ एकत्र होई, आणि चकली तोंडात घालण्यापूर्वी ती कोणत्या इंधनावर तळली, याची चौकशी साडू न चुकता करीत. थांबलेल्या वाहनाचे इंजिन चालू राहिलेले त्यांना सोसत नसे. एकदा शहागंजहून येताना क्रांती चौकाच्या सिग्नलवर त्यांनी रिक्षावाल्यास इंजिन बंद करण्याची विनंती केली. तो म्हणाला, "चाचा, बंद किया तो फिर चालू नै होती. धक्का आप मारेंगे क्या?" साडूंनी हा प्रश्न खरा मानला. पुढे चौक ओलांडेपर्यंत ते रिक्षा ढकलीत होते, आणि मी आत बसून पृथ्वीचा धूर कमी करण्यात आपला वाटा किती, याचा विचार करीत होतो.

परंतु त्यांचा जीव अडकला होता तो विद्यापीठाच्या एका वसतिगृहामागील खड्ड्यात. भोजनालयात उरलेला भात, वरण, भाजी त्यात पडे आणि कुजे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अन्न हवेवाचून कुजले की त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. तो मोकळा सुटला तर पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवतो, आणि पेटवला तर स्वयंपाकाच्या उपयोगी पडतो. मी हे दोन वाक्यांत सांगितले. साडू सांगू लागले की पंगत मठ्ठ्यावरून विड्यापर्यंत येई. अखेर त्यांच्या चिकाटीला कंटाळून विद्यापीठाने खड्ड्याच्या जागी बायोगॅसची टाकी बांधून दिली. अट एकच होती : वर्षअखेर समिती येईल, शेगडी पेटती दिसली तर प्रत्येक वसतिगृहामागे अशी टाकी होईल, नाही तर हीसुद्धा मोडली जाईल. पहिली निळी ज्योत उठली, तेव्हा भोजनालयाच्या मावशींनी तिच्यावर केलेला चहा साडू उभ्यानेच, दोन्ही हातांत कप धरून प्यायले.

येथवर सर्व शास्त्राला धरून झाले. घोटाळा केला तो संस्कारांनी. पानात अन्न टाकू नये, हे त्यांच्या अंगी इतके मुरले होते की, ज्या खरकट्यावर त्यांची टाकी जगत होती, ते त्यांना पाहवेना. ताटे ठेवण्याच्या जागी ते स्वतः उभे राहू लागले. "बाळ, हा भात पिकवायला पाणी लागलं, शिजवायला गॅस लागला. टाकायचाच होता, तर घेतलास का?" मुले शरमली आणि ताटे स्वच्छ करू लागली. ज्योत दिवसेंदिवस खाली बसत गेली.

"सर, पोरं लई शहाणी केली तुम्ही," मावशी म्हणाल्या. "ताटात शितसुद्धा उरत नाय. आता टाकीत काय घालू, माझं कपाळ?"

मी उपदेश थांबवण्याचे सुचवले. साडू दुखावल्यासारखे म्हणाले, "गुरुजी, टाकी पेटावी म्हणून पोरांना अन्न टाका म्हणू?"

मग ते लग्नांना झाकणाचे डबे घेऊन जाऊ लागले. बिडकीनच्या एका लग्नात खरकट्याच्या पिंपात वाकलेले प्राध्यापक पाहून मुलीच्या वडिलांना गहिवरून आले. "पाहुणे, असं कामून करता? ताजं बांधून देतो ना, लाजता काय!"

"ताजं नको," साडू म्हणाले, "आंबलेलं असलं तर बघा."

अशा रीतीने अन्नाची सोय झाली, आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. शहर चारी दिशांना वाढत होते. नळाला पाणी येण्याच्या पाळ्या मात्र लांबत गेल्या. टाकीला अन्नाइतकेच पाणीही लागते. "माणसं तहानेली अन् ह्यांची टाकी पाणी पिते!" असे म्हणत माझी मेहुणी भाजी धुतलेले पाणी त्यांच्यासाठी बाजूला ठेवी. समिती येण्याच्या आठवड्यात, मुलांच्या ऐन परीक्षेत, वसतिगृहाचा टँकर अर्धाच भरून आला. मावशींनी त्यातले एक पिंप झाकून ठेवले होते.

"सर, हे तुमच्या टाकीचं. आज घातलं तर समितीपुढं शेगडी पेटंल."

बाहेर मुले बादल्या घेऊन रांगेत उभी होती. साडूंनी पिंपावरचे झाकण काढले. "पोरांना वाटून टाका."

"अन् टाकी?"

"टाकीची परीक्षा नाही, मावशी. पोरांची आहे."

समिती आली. साडूंनी काडी ओढून शेगडीजवळ धरली. ती बोटापर्यंत जळत आली, तरी ज्योत उठली नाही. सदस्यांनी सौजन्याने माना हलवल्या. उन्हाळ्यात टाकी मोडली. टाकीत घालायलाही काही उरू नये इतके अन्न मुलांनी वाचवले होते, आणि धूर मुळापाशीच थांबवण्याचा याहून सोपा उपाय नाही; पण हे पाहणे समितीच्या कामात बसत नव्हते.

पुढे पाऊस परतला, साडू निवृत्त झाले, ती मुलेही पांगली. परवा आम्ही दोघे विद्यापीठात सहज फिरत असता भोजनालयामागे गेलो. तेथे खरकट्याचे पिंप होते आणि ते भातपोळ्यांनी निम्मे भरलेले होते. साडूंनी वाकून पाहिले.

"पुन्हा अन्न टाकायला लागली हो पोरं," ते खिन्नपणे म्हणाले.

मी निघालो, ते मात्र पिंपाजवळून हलेनात. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, अगदी हळू आवाजात त्यांनी म्हटले, "एवढ्यावर चहाचं एक आधण आलं असतं."