बिनहळदीचं वरण

शब्बीरसर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. मुरुमहून त्यांच्या पत्नी नसरीनभाभींचा फोन होता. "झोपेतच गेले. तरास न्हाय झाला," एवढंच त्या म्हणाल्या. वय झालं होतं, हाती घेतलेलं काम पुरं झालं होतं... वाईट वाटलं, हळहळ वाटली नाही.

औषधशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर सर गावी परतले आणि एका दवाखान्याच्या मदतीने हळदीच्या अर्काच्या गोळीचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. गोळी माणसाला बाधते का आणि तिच्यातलं रक्तात किती उतरतं, एवढेच दोन प्रश्न. मी बातमीसाठी गेलो आणि जात राहिलो. "हळद गुणाची, हे सगळेच सांगतात. पण खाल्लेली हळद रक्तात फारशी उतरतच नाही, हे कुणी सांगत नाही," असं ते म्हणत. गोळी घेणाऱ्यांनी तपासणीआधी काही दिवस हळद खायची नाही, असा नियम होता. बायकांनी पांढरं वरण शिजवलं आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. सरही तेच जेवू लागले. "त्यांना सोडायला लावायची अन् मी खायची?"

शेवटच्या तपासणीला भाजी विकणाऱ्या गंगूबाई आल्या, त्या दिवशी मी तिथेच होतो. काही माणसं अभ्यासातून मध्येच गळाली होती. आणखी एक गळालं तर अभ्यास अपुरा ठरणार होता. गोळी घेऊन झाली, रक्ताचे नमुनेही बरेचसे झाले. दुपारी चहा घेताना गंगूबाई सहज म्हणाल्या, "सकाळी खंडोबाला जाऊन आले, सर. भंडारा कपाळाला लावला अन् चिमूटभर तोंडात टाकला. चालतंय न्हवं?"

भंडारा म्हणजे हळदच. सरांनी हातातला कप खाली ठेवला. मग मदतनीस डॉक्टर हळूच म्हणाले, "चिमूटभरच आहे, सर. आकड्यात दिसणारही नाही."

"दिसणार नाही, हीच तर अडचण आहे. गोळीचं किती अन् भंडाऱ्याचं किती, कसं सांगू?" सर म्हणाले आणि त्यांनी त्या दिवसाचे सगळे नमुने बाद केले.

"देवाचं बी मोजता व्हय?" गंगूबाई दुखावल्या होत्या.

"देवाचं न्हाय मावशी, हळदीचं. पुन्हा याल का?"

गंगूबाईंनी आपला कप विसळून पालथा घातला. "पुन्हा पांढरं वरण केलं तर मालक घराबाहेर काढतील मला," म्हणाल्या आणि कबूल झाल्या. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी मिळाल्यावर त्या आल्या, दिवसभर टोचून घेतलं. अभ्यास पुरा झाला. गोळी कुणाला बाधली नाही. रक्तात अर्क उतरला, पण सरांच्या अपेक्षेपेक्षा कमी. सरांनी तसंच लिहिलं आणि त्यावर ते खूश होते.

सरांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मुरुमला गेलो. गंगूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. भाभींनी आम्हा दोघांना जेवायला वाढलं. वरण पांढरं होतं.

"आता तरी हळद घाला की भाभी," गंगूबाई म्हणाल्या. "आता कोण रक्त काढतंय?"

भाभी हसल्या. फळीवरच्या हळदीच्या डब्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि वरणाचा आणखी एक डाव माझ्या भातावर घातला.