चहापुरतं दूध

टंचाईच्या उन्हाळ्यात गावागावांत पोषण आहाराची पाकिटं वाटायची होती. कुठं किती गरज आहे ते ठरवायला आम्ही संस्थेच्या बाया घरोघर फिरत होतो. काल काय शिजलं ते विचारायचं आणि लहान मुलांचे दंड रंगीत पट्टीने मोजायचे, एवढंच काम. सोनईकडचं हे गाव मात्र बागायती. ऊस, पाटाचं पाणी, दारोदारी गाई. इथं काय डोंबल सापडणार, असं मी जीपमध्येच बोलून बसले होते.

पहिल्याच घरी गोठ्यात सहा गाई. सून अंगणात भांडी घासत होती आणि तिची अडीच वर्षांची मुलगी पायरीवर गप्प बसली होती. मी तिच्या दंडाला पट्टी लावली. लाल. म्हणजे कुपोषण, जिवावरचं दुखणं. मीच जास्त आवळली असेल, म्हणून सैल करून पुन्हा लावली. तरी लालच.

"काय खाते ही?"

"चहा-बिस्कीट. दुसरं काय तोंडाला लावीत न्हाई."

"आणि दूध?"

"डेअरीला जातं. घरात चहापुरतं ऱ्हातं."

सहा गाईंच्या घरात! माझं डोकंच तडकलं. आजच्या आज तालुक्याच्या दवाखान्यात भरती करा, म्हटलं. गोठ्यातून सासरे ओरडले, "आमच्यात कोन उपाशी हाय? गावात तोंड कसं दावायचं आमी? तुमची पट्टीच खोटी हाय!"

तेवढ्यात मोटारसायकलवरून गुरांचा डॉक्टर आला. कालवडीने सकाळपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं, म्हणून सासऱ्यांनीच फोन करून बोलावलं होतं. ते दावं घट्ट धरून उभे राहिले आणि डॉक्टर इंजेक्शन भरू लागला.

सुनेने राखेचे हात धुतले, मुलीला कडेवर घेतलं आणि ती सरळ आमच्या जीपकडे निघाली.

"आगं, कुटं निघालीस?" सासरे म्हणाले.

"दवाखान्यात, मामा. कालवड एक सकाळ खाईना, तर डाक्टर आला. ही म्हैनाभर खात न्हाई."

त्यांना दावं सोडता येईना. मी आधी जीपमध्ये बसले; चढताना तिने मुलीला माझ्याकडे दिलं. मी मांडीवर घेतलं, पण मांडीवर कुणी बसलंय असं वाटेचना. मला खाली वाकून बघावं लागलं.