सर्कशीच्या मागच्या दाराने

आसेगावातून आमची बैलगाडी निघाली तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते आणि माय त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत. गाडीत एक ट्रंक, एक वळकटी, माझे यजमान दौलतराव आणि मी. मी गाडीत चढण्याआधी बाबांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"नवऱ्याच्या मागं चालली, मी आडवं येत नाई," ते म्हणाले. "पन सर्कशीत चालली, तं मंग या उंबरठ्यावर परत उभी राहू नको. तुह्यावरून इथं कोनी भाकर-तुकडा ओवायनार नाई."

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण जे लहानपणीच बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगते. लेक सासरहून आली की ती थेट घरात शिरत नसे. माय भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची, तुकडा अंगावरून ओवाळून बाहेर फेकायची, पाणी डोळ्यांना लावायची आणि मग म्हणायची, "ये वं आता." ते झाल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. म्हणजे बाबांनी मला दार बंद केलं, तेही असं की माझ्या माहेरी येण्यालाच काही अर्थ उरू नये. मी गाडीत बसल्यावर रडले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. दौलतराव वाशिमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. हंगाम संपला की घरी बसायचे. त्या साली स्टेशनाजवळच्या मैदानात सर्कस उतरली. तंबूचा मोठा खांब उभा करायला माणसं कमी पडली म्हणून हे मदतीला गेले, आणि दोरखंडाचं काम हातात असं बसलं की सर्कशीच्या मास्तरांनी त्यांना ठेवूनच घेतलं. बायकोलाही आणा म्हणाले, पोशाखाच्या पेट्या सांभाळायला बाई हवी होती. आमच्या गावात ही बातमी पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. मी तोकडे कपडे घालून झोक्यावर लोंबकळणार, असं विहिरीवर ठरूनसुद्धा गेलं. माझं वजन तेव्हाही असं होतं की झोका तुटला असता, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही.

बाबांचं मात्र मला नवल वाटलं होतं. कारण बाबा ऐकीव गोष्टीवर चालणारे नव्हते. कोणाला बैल घ्यायचा असला की लोक त्यांना बरोबर न्यायचे. बाजारात ते बैलाकडे धड बघायचेही नाहीत. विकणाऱ्याचं गाव विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता त्याच्या गोठ्यामागे जाऊन उभे राहायचे. "समोरून सगयेच बैल देखने दिसतेत," ते म्हणायचे, "मांगून जाऊन पाहाव." माझी सोयरीक जुळवतानाही ते दौलतरावांच्या घरी आधी परसात गेले होते. तिथला उकिरडा, न्हाणीची मोरी आणि चुलत्यांच्या सुनेचा आवाज, एवढ्यावर त्यांनी लग्न पक्कं केलं. असा माणूस सर्कशीला न बघताच नावं ठेवतो, याचा मला जास्त राग होता.

सर्कशीत पोचल्यावर पहिले पंधरा दिवस मी गोंधळलेलीच होते. लोकांना पुढची कमान दिसते, दिवे, बँड, हत्तीचं चित्र. आमचं जग त्याच्या पाठीमागे. राहोट्या वेगळ्या, मोठा तंबू वेगळा, आणि दोन्हींच्या मध्ये दोन्ही बाजूंनी कनात लावलेली एक अरुंद वाट. तिला सगळे गल्ली म्हणत. पोशाख केलेल्या माणसाने त्या गल्लीबाहेर दिसायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. कामावर जायचं ते गल्लीतून, परत यायचं ते गल्लीतून. चमचमत्या पोशाखावर जुनी गोधडी, नाहीतर फाटका ओव्हरकोट. वाघवाले मास्तरसुद्धा घोंगडी पांघरून यायचे, एखाद्या मेंढपाळासारखे. गल्लीच्या शेवटी लाल पडदा, आणि पडद्यापलीकडे रिंग.

त्या पडद्यापाशी माझी ड्यूटी. येणाऱ्याच्या अंगावरची गोधडी घ्यायची, पायातल्या चपला काढून घ्यायच्या आणि त्या उलट्या फिरवून, तोंड राहोट्यांकडे करून ठेवायच्या. रिंगमधून बाहेर आलेला माणूस दमलेला असतो, डोळ्यांपुढे दिव्यांची तिरीप असते. त्याचा पाय आपसूक चपलेत जायला हवा. मला हे काम फार आवडायचं. माहेरी कोणी माझ्यावर असं विसंबलं नव्हतं, आणि इथे पोरी मला "ताई, बघ गं जरा" म्हणत पाठ फिरवून उभ्या राहायच्या, हुक लावायला.

आणखी एक नियम होता. पडद्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने "हा जाणार नाही" म्हटलं की तो कलाकार रिंगमध्ये जात नसे, मग तो वाघवाला मास्तर का असेना. पूर्वी कधीतरी चक्कर येत असताना झोक्यावर गेलेली एक बाई पडली होती. तेव्हापासून तसं ठरलेलं. ती बाई म्हणजे आमची अम्मा. एका पायाने लंगडणारी, केरळकडची. राहोट्यांमागे कनातीला जी एक फट होती, माणसांच्या येण्याजाण्याची, तिथे ती काठी घेऊन बसायची. तिच्या नजरेतून परका पुरुष सुटत नसे.

तिसऱ्या वर्षी सर्कस परत वाशिमला आली. छोट्या रेल्वेगाडीतून उतरले आणि तुरीच्या ओल्या शेतांचा वास आला तसा माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला माय हवी होती. मी मास्तरांकडून पुढच्या खुर्च्यांचे दोन पास मागून घेतले आणि मंगरूळच्या बाजाराला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर घरी पाठवले. मग रोज शो सुरू झाला की पडद्याच्या कडेने त्या दोन खुर्च्या बघायची. रोज रिकाम्या. मुक्काम हलायला चारच दिवस उरले, तेव्हा मी बघायचं सोडून दिलं. आता आपण बिनमाहेरच्या, असं स्वतःशी म्हणून टाकलं.

आणि त्याच दुपारी शोची पहिली घंटा झाली असताना मागून अम्माचा आवाज चढला.

"टिकट आगे मिलता! इधर आदमी लोग नहीं!"

"टिकट कायले?" दुसरा आवाज म्हणाला. "मी तमाशा पाहाले नाई आलो बाई. माही पोरगी पाहाले आलो."

मी धावत गेले. फटीबाहेर बाबा. डोक्याला पागोटं, काखेत फडक्याची पुरचुंडी, आणि छातीवर आडवी धरलेली अम्माची काठी. ते माझ्याकडे बघत नव्हते. काठीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बाजारात एखादी मनासारखी खूण सापडल्यावर असायचा तसा भाव होता.

"हे बाई इथं रोजच बसते का?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

दुसरी घंटा झाली. मला जाणं भाग होतं. मी त्यांना गल्लीत पोशाखाच्या पेटीवर बसवलं आणि कामाला लागले. पूर्ण शो ते तिथे बसले. त्यांच्यासमोरून गोधड्या पांघरलेल्या पोरी गेल्या. पडद्यापाशी वाकून प्रत्येकीने मातीला हात लावून कपाळाला लावला. जोकर खोकत खोकत आला, पडद्यापाशी थांबला, श्वास घेतला आणि हसत आत गेला. बाबा मान न हलवता सगळं पाहत होते. माझ्या हातातून मात्र हुक निसटत होते.

सायकलवाली सरोजा आली तेव्हा तिची गोधडी काढताना माझा हात तिच्या मानेला लागला. कढत. बँडने तिची चाल धरलीसुद्धा होती.

"जाते ताई, काही नाही," ती म्हणाली.

"मास्तर, सरोजा जाणार नाही," मी म्हटलं.

सर्कशीच्या मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि जोकरांना आत सोडलं. पडद्यापलीकडे लोक हसायला लागले. मी सरोजाला परत गोधडीत गुंडाळून पेटीवर बाबांशेजारी बसवलं. जागाच नव्हती दुसरी. थोड्या वेळाने पाहिलं तर ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आणि बाबा ताठ बसले होते, तिची झोप मोडू नये म्हणून.

शो संपला. गल्ली रिकामी झाली. सरोजाला पोरींनी राहोटीत नेलं. बाबा उठले आणि पुरचुंडी सोडली. आत ज्वारीच्या दोन भाकरी आणि जवसाची चटणी.

"मायनं देल्ली," ते म्हणाले. "ते काही येत नाई म्हने. तुमीच हाकलली, तुमीच आना म्हने."

मग म्हणाले, "बाहीर जाय."

"कुठे?"

"त्या फटीच्या बाहीर. आन् उभी राह्य."

मी बाहेर जाऊन उभी राहिले. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. अम्माच्याच तांब्यातलं पाणी घेतलं. हे बायकांचं काम, त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं. तुकडा आधी डावीकडून फिरवला, मग थांबून उजवीकडून, आणि फेकला तो नेमका बांधलेल्या हत्तिणीपुढे. तिने सोंडेने उचलून खाल्ला. अम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांनी ओल्या बोटांनी माझे डोळे पुसले, आणि तोवर तिथे पुसण्याजोगं बरंच काही जमा झालं होतं.

"ये वं आता," ते म्हणाले. आत आल्यावर हळूच पुढे जोडलं, "आन् परवा घरी येजो. तिथं तुही माय ओवायते."

पुढे बरीच वर्षं गेली. सर्कस सुटली, दौलतरावांनी मिरजेत मांडवाचा धंदा टाकला, आम्ही इथलेच झालो. इथे माझं 'मले' ऐकून शेजारणी हसतात आणि आसेगावात माझं 'मला' ऐकून भाचरं हसतात. आसेगावात पक्कं घर झालं, जुना उंबरठा गेला. बाबाही गेले, मायही गेली. कधी कधी फार एकटं वाटतं, ते लपवत नाही.

पण माझ्या घराला दोन दारं आहेत. पुढच्या दाराला घंटी आहे, ती पाहुण्यांसाठी. तुम्ही कोणी आसेगावहून आलात, किंवा तिथून निघून कुठल्या लांबच्या गावी रुजलेले असाल आणि वाट वाकडी करून आलात, तर घंटी वाजवू नका. मागून या. थोडं थांबावं लागेल दारात, मला उठायला आता वेळ लागतो. तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडते आणि येते.