दोघांचं शीड

जायकवाडीच्या पाण्यावर मी शीड धरून उभा राहायचो, हे आता कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडं वरून खालपर्यंत बघतात आणि हसतात. हसू द्या. वाळूजच्या माळावर कारखाने उठत होते तेव्हाची गोष्ट आहे. आमच्या कंपनीत मशीन बसवून द्यायला एक परदेशी साहेब आला होता. येताना तो विंडसर्फिंगची, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर पाण्यात पळवायची फळी घेऊन आला आणि जाताना इथंच टाकून गेला. फळी एक, पण शिडं दोन आणि काठ्या दोन. डोलकाठी हा पुस्तकातला शब्द, आम्ही आपलं काठीच म्हणायचो. एक शीड भलं मोठं, त्याची काठी ॲल्युमिनियमची, ताठ. दुसरं लहान, त्याची काठी फायबरची, जरा लवणारी. पर्सनलच्या साहेबांनी ठरवलं, फळी आणि एक जोडी कामगारांनी न्यावी, दुसरी स्टोअरमध्ये राहील. बदलून पाहिजे असेल तर एक जमा करायची, दुसरी उचलायची.

कामगार म्हणजे आम्ही दोघंच. बाकीच्यांना रविवारची झोप प्यारी. मी इन्स्पेक्शनला होतो, माझा मित्र प्रेसवर. तो बिडकीनजवळच्या खेड्यातला, धनगराच्या घरचा, मेंढरांमागं हिंडून आणि दूध पिऊन असा वाढलेला की दारातून आत येताना तिरका व्हायचा. मी सिल्लोडकडचा, बौद्ध, अंगानं नुसती काडी. वारा सुटला की तो मला म्हणायचा, खिशात दगडं ठिवत जा लेका. त्याच्या डब्यातली भाकरी मी खायचो, माझ्या डब्यातलं कालवण तो संपवायचा. औरंगाबादेत माझं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला आणखी कुणाची गरजही वाटत नव्हती.

कुठलं शीड निवडायचं, हे परदेशी साहेबानं जायच्या आधीच मला हातवाऱ्यांनी समजावलं होतं. माझ्याकडं बोट दाखवून लहान शीड, आणि मनगट वाकवून मऊ काठी. अंगानं कमी असलेल्या माणसाला वाऱ्याचा झटका झेपत नाही. मऊ काठी झटक्याला शेंड्याकडून लवते, जास्तीचा वारा सोडून देते. ताठ काठी काही सोडत नाही, सगळा हिसका हातावर देते. मला कळलं होतं सगळं. पण लहान शीड माझ्या मित्राला काय ओढणार? त्याच्या वजनाखाली फळी जागची हलली नसती. मोठं घेतलं तर तो चालवील आणि मीही कसाबसा धरीन. म्हणून मोठंच घेतलं, आणि मीच आग्रह धरला.

तेव्हापासून दर रविवारी त्याच्या मोटरसायकलवरून पैठण रोडनं जायचं. फळी आणि शीड काठावरच्या एका मासेमाराच्या खोपटात ठेवलेलं असायचं. मित्र झोकात पार लांब जाऊन यायचा. मी उभा राहायचो, वारा आला की शिडासकट पलीकडं पालथा. तो काठावर पोट धरून हसायचा, मग पाण्यात उतरून ते भिजलेलं धूड माझ्यासोबत उचलायचा. मला पडण्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगतो, मजा यायची.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण तापलं. शहरात मोर्चे, बंद, गुलमंडीतली दुकानं निम्मी उघडी. माझा धाकटा भाऊ मोर्चात असायचा आणि खेड्यांतून रोज काहीतरी वाईट कानावर यायचं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणी कुणाला एक शब्द वाकडा बोललं नाही. फक्त टेबलं बदलली. एका दुपारी तो डबा घेऊन त्याच्या गावाकडच्या पोरांत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. गेटपाशी गाठ पडली तेव्हा इकडं तिकडं बघत म्हणाला की घरी वडील फार बोलतात, गावात राहायचं आहे, थोडे दिवस जाऊ देऊ. मी म्हणालो, जाऊ देऊ की. मला इतका राग आला होता की त्या रात्री जेवण गेलं नाही.

थोडे दिवस सरेनात. मी एसटीनं एकटाच जायला लागलो. मोठं शीड एकट्यानं जोडायचं, एकट्यानं पाण्यात न्यायचं, पडायचं, एकट्यानं उचलायचं. हसायला कुणी नाही म्हटल्यावर पडणं म्हणजे नुसतं पडणंच राहिलं. हात सोलून निघायचे. तरी शीड बदलत नव्हतो. लहान शीड आणणं म्हणजे तो येणार नाही हे मीच कबूल करणं. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज येईल. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मान वळायची.

शेवटी एकदा वाऱ्यानं मला असं आपटलं की काठी कपाळावर बसली. बराच वेळ फळीला धरून तसाच तरंगत राहिलो. काठावर चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण इथं मेलो तरी संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात मोठं शीड आणि काठी एसटीच्या टपावर टाकून कंपनीत आणली. कंडक्टर कुरकुरला, कुरकुरू दे. जेवणाच्या सुट्टीत, तसंही सोबत कुणी नव्हतं, दोन्ही काठ्या आळीपाळीनं दोन स्टुलांवर आडव्या टाकल्या आणि दोन्हींच्या मधोमध एकच लोखंडाचं वजन टांगून पाहिलं. ॲल्युमिनियमची जेमतेम वाकली. फायबरची छान खाली झुकली. उत्तर मला आधीच ठाऊक होतं, उगाच वेळ काढत होतो. मग मोठी जोडी जमा केली आणि लहान उचलली.

आणि काय सांगू, पहिल्याच रविवारी फळी पळाली! झटका आला, काठीचा शेंडा लवला, वारा वरून निसटला आणि मी उभाच. पार मधोमध जाऊन वळून आलो. इतके दिवस मला वाटत होतं माझ्याच अंगात जोर नाही. आनंद एवढा झाला की मोठ्यानं ओरडलो, आणि मग ओरडल्याचीच लाज वाटली.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी तो आला. मोटरसायकल लावली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालत पाण्याशी आला. त्यानं वाळूवर पडलेलं लहान शीड बघितलं, काठी उचलली, हातानं थोडी वाकवून पाहिली.

"मोठं परत केलंस व्हय?"

"तू येत नव्हतास," मी म्हणालो. "उद्या बदलून आणतो. स्टोअरमध्येच आहे."

"नको आनू." त्यानं काठी हळूच खाली ठेवली. "मला दर रविवारी जमायचं नाय आता. तुझ्या अंगाला हेच बरं हाय."

त्यानं भांडायला पाहिजे होतं. मला न विचारता का बदललंस म्हणून माझी गचांडी धरायला पाहिजे होती. मी ते शीड पळत जाऊन परत आणलं असतं. पण तो चिडलाच नाही. मला चांगलं जमतंय का, एवढं त्यानं विचारलं, आणि मी व्हय म्हणालो.